हातुमेराची तीनशे अकरा माणसं

हातुमेरा, १४ जानेवारी २००२

चिरंजीव एर्मेलिंदा,

देव तुला सुखी ठेवो. हे पत्र बसवाल्या आफोन्सोच्या हाती देतोय. सोबत बटाट्याचं पोतं आहे, कॉफीची पिशवी आहे. पोतं हलकं लागलं तर आफोन्सोला खडसावून विचार.

आता कामाचं. तुमच्या नियोजन कचेरीची माणसं गेल्या बुधवारी येऊन गेली. म्हणजे खाली, रस्त्यावरच्या वेलारानला. पांढरी गाडी नदीपर्यंत आली आणि तिथून वर नुसता निरोप आला. आम्ही अकरा जण दोन तास उतरून गेलो. चटईएवढे कागद भिंतीला लावलेले, रंगीत पेनं, आणि एक गोड बोलणाऱ्या बाई विचारत होत्या, "अठरा वर्षांनी, २०२० साली, तुमचं गाव कसं दिसावं असं वाटतं?"

म्हातारी बिकोली म्हणाली, "अठरा वर्षांनी मी मेलेली दिसेन. यंदाच्या पावसाचं विचार, बाई."

सगळे हसले. बाईंनी तेसुद्धा कागदावर उतरवून घेतलं.

मी उठून म्हणालो, आम्हाला वर शाळा हवी. बाईंनी नकाशा उलगडला आणि बोट फिरवत बसल्या. त्यात हातुमेरा नावाचं गावच नाही! नकाशा इंडोनेशियाच्या राजवटीतला. डोंगरातून हुसकून आपल्याला एकोणऐंशी साली रस्त्याकडेला आणून बसवलं, तिथेच आपण अजून बसलोय असं तो नकाशा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही वर आपल्या जागी परत आलो, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

वेलारानचा गावप्रमुख, शेफे आगापितो मिशीतल्या मिशीत हसत होता. म्हणाला, "जाताना चॅपेलमधला संत अंतोनियो उचलून नेलात. आता शाळाही न्या. उद्या म्हणाल, रस्ता गुंडाळून वर पाठव." मी पण सोडलं नाही. म्हटलं, "संत आमचाच. माझ्या आजोबांनी दोन म्हशी देऊन मूर्ती घेतलेली." मग दोन्ही गावं उठून उभी राहिली आणि बाईंनी घाईघाईने सभा संपवली.

पोरी, गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. गेल्या पावसात फेलिसमिनाची आठ वर्षांची मुलगी शाळेत जाताना नदीत वाहून गेली. खालच्या खडकाला अडकली म्हणून वाचली. तेव्हापासून पाऊस सुरू झाला की एकही आई पोराला खाली सोडत नाही. मी कातेकिस्ता माणूस. देवाच्या प्रार्थना शिकवतो, त्यातच थोडी अक्षरं सरकवतो. पण मला भागाकार येत नाही.

तू त्या कचेरीत अधिकारी आहेस. तुझ्या बापामागे मी तुला वाढवलं, ते काही फेडून घ्यायला नाही. पण शाळा दे.

तुझा धाकटा बाबा,
गास्पार


डिली, २७ जानेवारी २००२

प्रिय धाकटे बाबा,

बटाटे पूर्ण पोहोचले. आफोन्सोने कॉफी मात्र थोडी "वासासाठी" ठेवून घेतली. त्यानेच कबूल केलं.

तुमचं पत्र मी कचेरीतच वाचलं. आमच्याकडे सध्या श्वास घ्यायला उसंत नाही. मे महिन्यात देश स्वतंत्र होणार, त्याआधी योजना छापून तयार हवी. तेराही जिल्ह्यांतून कागद येतात आणि ते सगळे माझ्या टेबलावरून जातात. आमचे सल्लागार डॉक्टर सेल्सो मोझांबिकचे आहेत. त्यांच्या देशातही पंधरा-सोळा वर्षं लढाई चालली, त्यामुळे जळकी भिंत दिसली की ते काय झालं असं विचारत नाहीत. कधी झालं, एवढंच विचारतात. आम्ही दोघं मिळून बरेच निर्णय घेतो.

शाळेचा नियम असा आहे: वस्ती किमान तीनशे माणसांची हवी. तुम्ही हातुमेराची यादी पाठवा. प्रत्येकाचं नाव, वय, बाई की पुरुष. यादी आली की पुढचं मी बघते.

एक मात्र सांगते, रागावू नका. मी वेलारानच्या शाळेत शिकले, त्या चॅपेलच्या पायरीवर खेळले. माझ्यासाठी हातुमेरा म्हणजे तुम्ही चुलीपाशी बसून बोलायचात ते नाव. तिथे धुकं असतं आणि सुरूची झाडं वाजतात, एवढंच मला ठाऊक आहे. तुम्ही सगळे वर का गेलात हे मला अजून नीट कळलेलं नाही. तरी मुलं त्या नदीतून जायला नकोत. यादी लवकर पाठवा.

तुमची,
एर्मेलिंदा


हातुमेरा, १७ फेब्रुवारी २००२

चिरंजीव एर्मेलिंदा,

यादी सोबत आहे. तीनशे अकरा.

मोजायला दोन रविवार लागले. प्रार्थना झाल्यावर सगळ्यांना अंगणात बसवलं आणि एकेक घर घेतलं. पहिल्या रविवारी काम धड झालं नाही, कारण बिकोलीला आपलं वय ठाऊक नाही आणि दुसऱ्या कुणी सांगितलेलं ती मानत नाही. शेवटी सत्तर लिहिलं. तिला वाटतं साठ.

तुझ्या डॉक्टरसाहेबांना सांग, माणसं गरीब आहेत पण कामाला मागे नाहीत. खांबांचं लाकूड आम्ही देऊ, गवत आम्ही देऊ. सरकारने पत्रे दिले तर उत्तम. मास्तर मात्र आम्हाला कापून आणता येणार नाही.

इकडे पाऊस चालूच आहे. मक्याची कणसं भरलीत. तुझी काकी म्हणते, तू वाळली असशील.

गास्पार


डिली, ३ मार्च २००२

धाकटे बाबा,

काल दुपारी मी तुमची यादी यंत्रावर उतरवत होते. वेगात काम चाललं होतं. नाव, वय, पुरुष. नाव, वय, बाई. सत्त्याऐंशीव्या ओळीवर माझी बोटं थांबली.

लेतोमाउ, वय एक्कावन्न, पुरुष.

बराच वेळ मला वाटत राहिलं की दुसरं कुणी असेल. मग पुढची ओळ बघितली, मागची बघितली. पुढे तुमचं घर होतं. धाकटे बाबा, माझे वडील मी जन्मायच्या आधी गेले. तुम्हीच मला तसं सांगितलंत, पण कसे गेले ते कधी एका अक्षराने सांगितलं नाहीत. लहानपणी विचारलं की तुम्ही सरपण फोडायला उठायचात. आणि आज सरकारी कागदावर त्यांचं वय लिहिलंत! बरोबर मोजून. जिवंत असते तर खरंच एक्कावन्न झाले असते.

मग मी सगळी यादी पुन्हा वाचली. किती जण आहेत असे? ही यादी वर गेली असती आणि कुणी तपासायला आलं असतं, तर हातुमेराचं नाव योजनेतून कायमचं काढलं असतं. माझी नोकरी गेली असती ती वेगळीच.

आणि नोकरीचं निघालंच आहे तर सांगून टाकते. मी अधिकारी नाही. मी टायपिस्ट आहे. कागद माझ्या टेबलावरून जातात कारण ते मला टाइप करायचे असतात. डॉक्टर सेल्सो आणि मी मिळून निर्णय घेतो म्हणजे ते विचारतात, "कॉफी की चहा?" आणि मी सांगते. मी खोटं लिहिलं. तुम्ही सगळ्या गावाला अभिमानाने सांगत असाल, म्हणून लिहिलं.

यादी मी फायलीतून काढून माझ्या पिशवीत ठेवली आहे. का केलंत असं?

एर्मेलिंदा


डिली, ७ एप्रिल २००२

प्रिय धाकटे बाबा,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. आफोन्सो म्हणतो, तुम्ही बसपाशी येता, बटाटे चढवता आणि काही न बोलता निघून जाता. मागच्या खेपेला त्याने विचारलं, "पत्र?" तर तुम्ही म्हणालात, "शाई संपली."

मी जास्त बोलले असेन. पण लिहायचं थांबवू नका.

इथे एक घडलं ते सांगते. यादी पिशवीत ठेवून पंधरा दिवस मी चोरासारखी वावरत होते. शेवटी डॉक्टर सेल्सोंपुढे ती ठेवली आणि सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी चष्मा काढला, यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचली. मग विचारलं, "यातले तुझे कोण?" मी सत्त्याऐंशीवर बोट ठेवलं.

ते म्हणाले, "ही यादी मी पाहिलेली नाही. ही घरी ने आणि जपून ठेव. हिच्यावर शाळा बांधता येत नाही, पण ही फाडायचीही नाही." चष्मा पुन्हा लावत म्हणाले, "जिवंत किती आहेत?" मी म्हटलं, "दीडशेच्या आसपास असतील." त्यांनी मान हलवली. "मग नियमात बसत नाही. वाईट वाटतं मला."

मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. कारण एक गोष्ट मला एकदम आठवली. त्या योजनेचं परिशिष्ट जानेवारीत मीच टाइप केलं होतं. पोर्तुगीजमध्ये, चाळीस पानं, ती बहुतेक दुसऱ्या कुणी वाचलेलीच नाहीत. आमच्या कचेरीतल्या माझ्या वयाच्या कुणाला पोर्तुगीज येत नाही, आम्ही सगळे इंडोनेशियन भाषेत शिकलो. मला येतं ते तुम्ही रोज पाठ करून घ्यायचात त्या प्रार्थनांमुळे. त्यात एक कलम होतं: शाळेपासून दीड तासापेक्षा लांब राहणारी, किंवा मध्ये पावसाळ्यात न उतरता येणारी नदी असलेली, पस्तीस मुलं असतील तर तिथे शाखा-वर्ग काढता येतो. मोठ्या शाळेची शाखा. शिक्षक मोठ्या शाळेचा, वर्ग गावाने बांधायचा.

मी म्हटलं, "डॉक्टर, पान एकतीस."

त्यांनी पान काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. "हे कुणी लिहिलं?"

"तुम्हीच, डॉक्टर."

ते इतके हसले की शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले.

तेव्हा आता माणसं मोजू नका. मुलं मोजा. सहा ते बारा वर्षांची, दोन पायांवर चालणारी, नाक पुसावं लागणारी मुलं. आणि मोठी शाळा वेलारानची, म्हणून आगापितोंची सही लागेल.

शाई सोबत पाठवते आहे.

तुमची,
एर्मेलिंदा


हातुमेरा, २१ एप्रिल २००२

चिरंजीव एर्मेलिंदा,

शाई मिळाली. चांगली निळी आहे.

आधी तुझ्या नोकरीचं. तू टायपिस्ट आहेस हे मला गेल्या सप्टेंबरपासून ठाऊक आहे. आफोन्सो तुझ्या कचेरीत निरोप द्यायला आला होता तेव्हा तू चार कपांचा ट्रे घेऊन चालली होतीस. त्याने मला सांगितलं. मी गावात कुणाला सांगितलं नाही, आफोन्सोलाही दोन कोंबड्या देऊन गप्प केलं. तुला अधिकारी व्हावंसं वाटतंय तर मी कशाला आड येऊ, असं वाटलं.

आता यादीचं. मी खोटं लिहायला बसलो नव्हतो, पोरी. पहिल्या रविवारी आकडा एकशे अडुसष्टवर थांबला. मी म्हटलं, एवढेच. तेव्हा बिकोली म्हणाली, "माझा मधला लिही." मधला म्हणजे अठ्ठ्याहत्तरात डोंगरात उपाशी गेलेला. मी म्हटलं, "आई, तो नाही आता." ती म्हणाली, "नाही कसा? त्याच्यासाठी तर मी वर आले." मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. मी लिहीत गेलो. माझा हात थांबेना. वयं त्याच बायका मोजून सांगत होत्या, बोटांवर, एकही चुकत नव्हती. आपलं वय न सांगता येणाऱ्या बिकोलीने मधल्याचं वय महिन्यासकट सांगितलं.

सगळ्यांचं लिहिलं. मग आपल्याच भावाला कसा वगळणार?

तू विचारलंस, गाव वर का आलं. म्हणून.

आणि तुझा बाप. ऐक, एकदाच लिहितो. अठ्ठ्याहत्तरचा नोव्हेंबर. इंडोनेशियाची विमानं येत होती, खायला रानकंदही उरला नव्हता. आम्ही शरण जायला खाली निघालो. तुझी आई पाच महिन्यांची गरोदर. नदीला पाणी. लेतोमाउने तिला पाठीवर घेऊन नदी पार केली, खडकावर बसवलं आणि मला म्हणाला, "वहिनीकडे बघ, मी आईला आणतो." आमची आई मागच्या काठावरच राहिली होती. तो परत आला तो आईला घेऊनच, पण काठाशी पोचला आणि बसला तो उठलाच नाही. गोळी नाही, काही नाही. अंगातलं सगळं संपलं होतं. आम्ही त्याला तिथेच वर, एका मोठ्या दगडाखाली ठेवला. मला दगडांवर दगड रचायला जेमतेम तासभर मिळाला.

तू विचारायचीस तेव्हा मी सरपण फोडायला उठायचो, ते खरं आहे.

मुलं मोजली. त्रेचाळीस. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजली, तुझ्या डॉक्टरसाहेबांना सांग. एकाला दोनदा मोजलं होतं, तो जागा बदलून पुन्हा रांगेत आला होता. त्याला वगळून त्रेचाळीस.

आगापितोकडे गेलो होतो. सहीचं म्हटलं. तो म्हणाला, "संत खाली, सही वर." मी परत आलो.

गास्पार


डिली, २६ मे २००२

प्रिय धाकटे बाबा,

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. उत्तर तीनदा लिहायला घेतलं आणि फाडलं. मी जुलैत रजा घेऊन वर येणार आहे. मला तो दगड बघायचा आहे.

देश स्वतंत्र झाला. तासी तोलूच्या मैदानात एवढी माणसं होती की माझी एक चप्पल तिथेच राहिली. मंगळवारी आम्ही पुन्हा कचेरीत, टेबलं तीच, फक्त फायलींवर आता आपल्या देशाचं नाव. ते टाइप करताना मी पहिल्यांदाच एक अक्षर चुकले.

शाखा-वर्गांची यादी जूनअखेर बंद होईल. सही नसेल तर पुढच्या वर्षावर जाईल.

एक विचारू? आगापितो तुमचे साडू. मला लहानपणी त्यांनीच सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं होतं. त्यांना खरंच संत हवा आहे का? मला नाही वाटत. ते चॅपेलला जायचे तेव्हा सुद्धा अर्ध्या प्रवचनात घोरायचे.

तुमची,
एर्मेलिंदा


हातुमेरा, १६ जून २००२

चिरंजीव एर्मेलिंदा,

सही मिळाली. कागद सोबत आहे. नीट बघून घे, आगापितोने सही इतकी मोठी केली आहे की शिक्का मारायला जागा उरलेली नाही.

कसं झालं ते सांगतो. तुझं पत्र वाचून मी तिसऱ्या दिवशी खाली गेलो, एकटाच. त्याच्या ओट्यावर चटई टाकली, पान-सुपारी पुढे ठेवली. तो बसला, पण पानाला हात लावला नाही. आम्ही दोघं रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिलो. मग मी म्हटलं, "संताचं राहू दे. तुझं काय दुखलंय ते सांग."

तो एकदम उसळला. "दुखलंय? दोन वर्षांपूर्वी मी एका सकाळी उठलो तर निम्मी घरं रिकामी. चुली गार. वीस वर्षं एका कुंपणाला टेकून राहिलो रे आपण! इंडोनेशियावाल्यांनी जाताना घरं जाळली तेव्हा तुझी म्हातारी आई मी माझ्या खांद्यावर वाहिली. आणि तू जातो म्हणूनसुद्धा सांगितलं नाहीस. सख्खा साडू ना मी तुझा?"

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस."

"अडवलं असतंच! हातपाय बांधून ठेवलं असतं." मग आवाज खाली आला. "आणि नाहीच ऐकलं असतंस, तर सोबत शिदोरी बांधून दिली असती."

एर्मेलिंदा, मी पान त्याच्याकडे सरकवलं. मी म्हटलं, "चुकलो." एवढंच. पन्नाशी जवळ आली, हा शब्द मी बायकोलाही कधी म्हटला नव्हता. त्याने पान उचललं.

मग संताचा विषय आपोआप निघाला आणि पाच मिनिटांत मिटला. सहा महिने खाली, सहा महिने वर. तेरा जूनला, संताच्या दिवशी, आम्ही त्याला वाजतगाजत खाली नेला. नदीच्या काठाला वेलारानची सगळी माणसं उभी होती. पाणी गुडघाभर होतं. बिकोलीने हट्ट धरला की संताला छत्री हवी. आम्ही म्हटलं, पाऊस नाही. ती म्हणाली, "ऊन आहे ना?" तेव्हा संतावर छत्री, बिकोली माझ्या पाठीवर, आणि पलीकडून आगापितो विजार वर करून पाण्यात उतरला आणि मूर्ती स्वतःच्या खांद्यावर घेतली. मधल्या प्रवाहात म्हणतो कसा, "गास्पार, याचं वजन वाढलंय. वर काय खायला घालत होतास?"

रात्रीचं जेवण खाली झालं. आगापितोने डुक्कर कापलं. तुझ्या काकीने आणि तिच्या बहिणीने दोन वर्षांचं बोलणं एका बैठकीत उरकलं.

गास्पार


डिली, १८ ऑगस्ट २००२

प्रिय धाकटे बाबा,

परत येऊन तीन आठवडे झाले, अजून कपड्यांना तुमच्या चुलीच्या धुराचा वास आहे. मी ते धुतलेले नाहीत.

त्या दगडापाशी तुम्ही मला एकटीला सोडून खाली पाणी आणायला म्हणून गेलात आणि दीड तासाने आलात. पाणी तर हाकेच्या अंतरावर होतं. तेव्हा सांगायचं राहिलं, म्हणून आता लिहिते. मला वाटलं होतं, खूप रडू येईल. नाही आलं. मी फुलं ठेवली, मेणबत्ती लावली आणि मग बसून त्यांना सगळं सांगितलं. मी किती वेगाने टाइप करते, घरमालकीण कशी आहे, शाळेचं काय झालं. सुरूची झाडं खरंच वाजतात. तुम्ही सांगायचात त्याहून जास्त.

आता बातमी. हातुमेराचा शाखा-वर्ग मंजूर झाला. बत्तीस वर्गांच्या यादीत अठरावा. नाव मीच टाइप केलं आणि नकाशावर ठिपकाही मीच काढला. नवा नकाशा, आपला. ठिपका जरा मोठाच काढला. शिक्षिका मेस्त्रा वेरिदियाना, समे गावची आहे, चालायला दमदार. वेलारानला राहील आणि नदीला पाणी चढलं की वर तुमच्याकडे मुक्काम करील. पत्रे मिळणार नाहीत, गवतच घाला.

डॉक्टर सेल्सो पुढच्या आठवड्यात मापुतोला परत चालले. जाताना त्यांनी कचेरीच्या साहेबांना सांगितलं की गावागावांतून जाऊन लोकांना विचारायच्या तुकडीत हिला घ्या, ही कागद वाचते. ऑक्टोबरपासून मी फिरतीवर असेन. अधिकारी नाही हं, धाकटे बाबा. मदतनीस. पण या वेळी खरं. मी साहेबांना एक अट घातली की गाडी नदीशी थांबली तर आपण उतरून चालायचं. ते म्हणाले, "आधी बूट घे."

तुमची,
एर्मेलिंदा


हातुमेरा, २९ सप्टेंबर २००२

चिरंजीव एर्मेलिंदा,

शाळा सोमवारी सुरू झाली.

मेस्त्रा सात वाजता पोचली. आम्ही आठला येईल म्हणून निवांत होतो, तुझी काकी अजून मका उकडत होती. वर्ग बघितलास तेव्हा नुसते खांब होते. आता छप्पर आहे, बाकं आहेत, आणि फळ्यासाठी आगापितोने चॅपेलचं जुनं दार पाठवलं, काळं रंगवून. बिजागऱ्या काढायला मात्र विसरला, त्यामुळे मेस्त्रा लिहायला लागली की फळा वाजतो.

एक गंमत झाली. मेस्त्राच्या मागून सहा मुलं आली. मला वाटलं, सोबत म्हणून नदीपर्यंत आली असतील. तर म्हणाली, आम्हीही इथेच बसणार. वेलारानच्या शेवटच्या घरांची मुलं. त्यांच्या शाळेत एका बाकावर पाच जण बसतात म्हणे, आणि नदी कोरडी असेपर्यंत चढ चढायला त्यांना काही वाटत नाही. त्यांत एक आगापितोची नात. मी तिला विचारलं, "आजोबांना विचारून आलीस का?" ती म्हणाली, "आजोबांनीच डबा बांधून दिला."

तेव्हा पहिल्या दिवशी एकोणपन्नास. बाकं कमी पडली. मोठ्या मुलांनी दगड आणले.

पहिला तास मी आत उभा होतो. दोन वर्षं मीच शिकवत आलो, पाय निघेना. मेस्त्राने विचारलं, सातातून चार गेले तर किती? कुणी बोलेना. मी खोकलो आणि तीन बोटं वर केली. मेस्त्राने बघितलं. पुढच्या प्रश्नाला मी पुन्हा खोकलो. तेव्हा ती खडू ठेवून माझ्यापाशी आली आणि अगदी आदराने म्हणाली, "कातेकिस्ता, तुमचा खोकला बरा दिसत नाही. बाहेर उन्हात बसा जरा."

सगळी मुलं हसली. मी बाहेर आलो.

फणसाखाली बसलो. आतून आवाज येत होता, सगळी मिळून काहीतरी म्हणत होती, मला न येणारं. खाली नदीपर्यंत स्वच्छ दिसत होतं. म्हटलं, आता काय करावं? जळण फोडून झालेलं, प्रार्थनेला वेळ होता, पोरांवर लक्ष ठेवायला दुसरं माणूस होतं. किती वर्षांनी असं झालं ते आठवत बसलो, आणि पोरी, आठवता आठवता मला झोप लागली.

शाळा कधी सुटली, मला कळलंच नाही.

तुझा धाकटा बाबा,
गास्पार